‘पूर्ववत’ करून देण्याचा व्यापार

वाङ्मयाला वाहिलेल्या या पत्रिकेत टकलाची चर्चा कशासाठी, असे काही वाचक विचारतील, आणि त्यांचे विचारणे अगदीच गैर नव्हे. परंतु शब्दांचे अर्थ शाबूत राहतील हे पाहणे वाङ्मयप्रेमी मंडळींचे पहिले काम आहे, अशी आमची समजूत आहे. आणि एखादा शब्द खोट्या अर्थाने विकला जाऊन त्यापायी घरोघरच्या तरुणांचा पैसा, कातडी आणि उमेद खर्ची पडत असेल, तर त्या शब्दाची झडती घेणे आमच्याच वाट्याला येते. तो शब्द ‘पूर्ववत’ हा होय. फसलेले केशरोपण ‘रिव्हर्स’ करून देऊ, डोके होते तसे करून देऊ, अशी हमी आज शहरोशहरी विकली जाते. ही हमी खोटी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. फसलेल्या केशरोपणाची दुरुस्ती होते. कधी चांगली होते, कधी बरी होते. ते पूर्ववत मात्र होत नाही. या दोन शब्दांमधले अंतर जे ग्राहकापासून लपवितात त्यांच्याविरुद्ध हा लेख आहे. आणि त्या ग्राहकाला त्यांच्या दारात नेऊन सोडणाऱ्या आपल्या समाजाविरुद्धही तो काही अंशी आहे.

हकीकत आमच्या घरातलीच आहे, म्हणून संकोच सोडून सांगतो. आमचा एक पुतण्या इंदुरात वाढला, शिकला, नोकरीला लागला. तेविसाव्या वर्षी त्याचे कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागले. त्याच सुमारास घरात त्याच्या लग्नाचे बोलणे सुरू झाले. पुण्या-मुंबईकडची दोन स्थळे फोटो पाहून मागे फिरली. कारण कोणी लेखी दिले नाही, पण ते सर्वांना कळले. घरच्या पंगतीत त्याच्या डोक्यावरून विनोद होत, आणि त्या विनोदांना हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. चोविसाव्या वर्षी त्याने कोणालाही न विचारता एका केंद्रात जाऊन एका दिवसात तीन हजार ग्राफ्ट लावून घेतले. ग्राफ्ट म्हणजे मुळासकट उचललेली केसांची एक जुडी. तीत एक ते चार केस असतात. कपाळावरची कड तेथल्या मनुष्याने पेनाने आखली, ती खाली आणि सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी. पुतण्याला ती फार आवडली, कारण ती त्याच्या सोळाव्या वर्षाच्या फोटोतली कड होती.

वर्षभरात केस आले. लग्न झाले, फोटो उत्तम निघाले. पुढे जे झाले ते कोणत्याही जाणत्या वैद्याला आधीच सांगता आले असते. लावलेले केस टिकले. त्यांच्या मागचे, जन्मापासूनचे केस गळतच राहिले. बत्तिसाव्या वर्षी त्याच्या डोक्याचे चित्र असे होते: कपाळावर राठ केसांची एक सरळ रांग, रांगेमागे मोकळे मैदान, आणि मानेवरचा भाग कसर लागलेल्या शालीसारखा विरळ. टक्कल पडलेल्या माणसाकडे रस्त्यात कोणी वळून पाहत नाही. या डोक्याकडे लोक वळून पाहू लागले. तेव्हा त्याला दुसरे केंद्र भेटले, आणि तेथल्या सल्लागार म्हणविणाऱ्या गृहस्थांनी हसून सांगितले, ‘काळजी करू नका, सगळे रिव्हर्स होते.’

ते का होत नाही, हे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरते. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. पुरुषी टकलात कपाळ आणि माथा उघडा पडत जातो. कानांच्या वरून मानेकडे जाणारा पट्टा बहुधा शेवटपर्यंत टिकतो, कारण तेथील मुळे गळतीस कारण होणाऱ्या संप्रेरकाला सहसा दाद देत नाहीत. केशरोपण म्हणजे या पट्ट्यातील मुळे उचलून पुढे लावणे. त्यात नवा केस एकही निर्माण होत नाही, आणि जेथून जुडी उचलली तेथे ती पुन्हा उगवत नाही. अशा उचलण्याजोग्या जुड्या माणसाला आयुष्यभरात साधारण सहा हजार मिळतात. कोणाला चार हजार, कोणाला आठ. दाट केसांच्या डोक्यावर दर चौरस सेंटीमीटरला ७० ते ८० जुड्या असतात, आणि टक्कल पूर्ण पसरले की उघडे क्षेत्र २०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरते. म्हणजे जागा १४ ते १६ हजार जुड्यांची, आणि शिल्लक सहा हजारांची. हा हिशेब प्रामाणिक शल्यविशारद मनात धरून असतो. म्हणूनच तो कपाळाची कड उंच ठेवतो, ती किंचित वाकडीतिकडी करतो, माथा विरळ राहू देतो, आणि टक्कल कोठवर जाणार हे दिसेपर्यंत रुग्णाला थांबवितो. जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ साली टकलाच्या पायऱ्यांची प्रतवारी मांडली आणि ओ’टार नॉरवूड यांनी १९७५ साली ती सुधारून सात पायऱ्यांची केली. चोविसाव्या वर्षी दुसऱ्या पायरीवर उभा असलेला मुलगा चाळिशीत सहाव्या पायरीवर असणार की तिसऱ्या, हे त्या वयात छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. आमच्या पुतण्याच्या केसांची निम्मी ठेव त्या अनिश्चित वयात एका दिवसात मोडली गेली. मोडलेली ठेव परत मांडता येत नाही, इतका हा साधा व्यवहार आहे.

ही चूक नवीन नव्हे. जपानमधील डॉ. शोजी ओकुदा यांनी १९३९ साली केसांसकट कातडीचे लहान गोल तुकडे काढून दुसरीकडे लावण्याची रीत प्रसिद्ध केली. महायुद्धाच्या धामधुमीत ती पश्चिमेकडे पोहोचली नाही. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ साली पुरुषी टकलावर हा प्रयोग स्वतंत्रपणे केला आणि १९५९ साली तो छापला. मागचा केस पुढे लावला तरी तो आपला टिकाऊ स्वभाव सोडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले, आणि तो शोध खरोखरच मोठा होता. परंतु लावलेले तुकडे सुमारे चार मिलिमीटर व्यासाचे, एकेकात पंधरा-वीस केसांचे. परिणामी कपाळावर बाहुलीच्या डोक्यासारखे झुपके उभे राहिले. तीसेक वर्षे हेच चालले आणि एक अख्खी पिढी ते झुपके मिरवीत म्हातारी झाली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नैसर्गिक जुडी सुटी करून लावण्याची पद्धत आली, आणि २००२ च्या सुमारास पट्टी न कापता एकेक जुडी थेट टोचून काढण्याची एफ.यू.ई. पद्धत जाहीर झाली. आज दुरुस्तीची म्हणून जी साधने उपलब्ध आहेत, त्यांतील बरीचशी त्या झुपकेवाल्या पिढीला सावरताना घडली. एका पिढीने एवढी किंमत मोजल्यावर तीच चूक लहान सुईने पुन्हा करणे, याला आम्ही प्रगती म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष मार्गांकडे वळू. ते अनेक आहेत. आणि कोणता मार्ग काय देतो व बदल्यात काय घेतो हे दोन्ही सांगितल्याशिवाय त्यांचे नाव घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

पहिला मार्ग थांबण्याचा. लावलेले केस पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून पडतात, मुळे आत राहतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर नवे केस डोके वर काढतात आणि खरा निकाल बारा महिन्यांनी, माथ्यावर कधी अठरा महिन्यांनी दिसतो. चौथ्या महिन्यात रडवेला होऊन दुरुस्तीला धावणारा तरुण पुष्कळदा न बिघडलेल्या गोष्टीची दुरुस्ती विकत घेतो. अर्थात पू होणे, कातडी काळी पडणे, ताप येणे ही लक्षणे थांबण्याची नव्हेत. तेव्हा त्याच दिवशी वैद्य गाठला पाहिजे. पहिले काही दिवस रोप छिद्रात नुसते बसलेले असते आणि सुमारे दहा दिवसांत ते धरते. त्यापूर्वी पश्चात्ताप झाल्यास शल्यविशारदाला ते काढता येते, हे खरे. पण मानेवरची रिकामी झालेली जागा तेव्हाही भरून येत नाही.

दुसरा मार्ग औषधांचा. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड या दोन औषधांना अमेरिकेत या कामासाठी अनुक्रमे १९८८ आणि १९९७ साली मान्यता मिळाली. ती उरलेले केस राखण्यास पुष्कळांना उपयोगी पडतात. परंतु घेणे थांबविले की लाभही ओसरतो, आणि फिनास्टेराइडने काही थोड्या पुरुषांच्या कामेच्छेवर परिणाम होतो, म्हणून ते वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. आमच्या पुतण्याला पहिल्या केंद्राने औषधाविषयी चकार शब्द सांगितला नव्हता. रोपणाच्या आधीच ते सुरू झाले असते, तर पुढचे रामायण कदाचित टळले असते.

तिसरा मार्ग भर घालण्याचा. कड राठ आणि सरळ दिसत असेल, तर तिच्या पुढे एकेका केसाच्या बारीक जुड्या अनियमितपणे लावून ती मऊ करतात. कड मुळात उंच असेल तर हा उपाय नामी आहे. ती आधीच भुवयांकडे उतरली असेल, तर तिच्यापुढे जागाच नसते. तेथे भर घालणे म्हणजे चूक आणखी खाली आणणे. शिवाय हा भर उरलेल्या ठेवीतूनच घालावा लागतो.

चौथा मार्ग काढून पुन्हा लावण्याचा. चुकीच्या जागचे किंवा चुकीच्या कोनात लावलेले ग्राफ्ट एफ.यू.ई.च्या बारीक पोकळ सुईने एकेक करून उचलायचे आणि जेथे शोभतील तेथे लावायचे. आमच्या मते दुरुस्तीच्या मार्गांत हा सर्वांत विवेकी, कारण यात केस फुकट जात नाहीत. पण त्याचीही किंमत आहे. जुने ग्राफ्ट वणाच्या घट्ट कातडीत रुतलेले असतात, त्यांचा आतला कोन बाहेरून कळत नाही, काढताना काही तुटतात, आणि दुसऱ्यांदा लावलेले सगळेच जगतात असे नाही. काढलेल्या जागी बारीक पांढरट ठिपका राहतो. काम एका बैठकीत उरकत नाही. दोन-तीन बैठका, मध्ये काही महिन्यांचे अंतर, असा तो धीराचा मामला असतो. जो एका बैठकीत सगळे आटोपून देतो म्हणतो, त्याच्या खुर्चीत बसू नये.

पाचवा मार्ग मुळे जाळण्याचा, म्हणजे लेसरचा किंवा विजेच्या सुईचा. लेसर केसातील काळ्या रंगद्रव्याला तापवितो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लांब तरंगलांबीचा, १०६४ नॅनोमीटरचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. इतर जातींच्या लेसरने भाजण्याचे आणि डाग पडण्याचे भय अधिक असते. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक फेऱ्या कराव्या लागतात, आणि पांढऱ्या केसांवर त्याचा प्रभाव पडत नाही. अमेरिकेच्या औषध-नियामकांनी लेसरला केसांची कायमची ‘घट’ असे म्हणू दिले आहे, कायमचे ‘निर्मूलन’ असे नव्हे. विजेच्या सुईने, म्हणजे इलेक्ट्रोलिसिसने, एकेक मूळ कायमचे नष्ट होते, पांढरे केसही जातात. मात्र काम एका वेळी एका मुळाचे आणि म्हणून अतिशय संथ. या दोन्ही उपायांत केस जातो तो जातोच, पुन्हा लावण्यास उरत नाही. म्हणून ज्याची ठेव तुटपुंजी आहे त्याने आधी काढून लावण्याजोगे काढून घ्यावे आणि उरल्यासुरल्या केसांपुरताच लेसर वापरावा. आमच्या पुतण्याला दुसऱ्या केंद्राने उलट क्रम सुचविला होता: आधी लेसरने सगळी कड साफ, मग नवे रोपण. यंत्र त्यांच्याकडे होते, ते रिकामे राहू नये, एवढेच या क्रमामागचे शास्त्र.

याखेरीज खाली उतरलेली कड कातडीच्या पट्टीसकट कापून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे. ती कपाळावर एक आडवा वण ठेवून जाते, म्हणून निवडक प्रसंगीच करतात. मानेवरचा रुंद वण पुन्हा शिवून अरुंद करता येतो, त्यात दाढीचे केस लावता येतात. टाळूवर रंगाचे बारीक ठिपके गोंदवून विरळपणा आणि पांढरे ठिपके झाकता येतात. पण हे गोंदण काही वर्षांत फिकट होते आणि पुन्हा भरावे लागते. आणि सर्वांत शेवटी तो मार्ग, ज्याची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्यात कोणाचीच कमाई नाही: केस बारीक कापून डोके आहे तसे मिरविणे. केशरोपण झालेल्या माणसाला हा मार्गही पहिल्यासारखा मोकळा राहत नाही. फार बारीक कापले की वण दिसतात. ‘आवडले नाही तर केस काढून टाकू’ असे सहज म्हणणाऱ्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे, की सुई लागण्याआधी हा मार्ग नाभिकाच्या दुकानात मिळत होता.

इतके सारे मार्ग असताना ‘पूर्ववत’ या शब्दाला आम्ही का झोडपतो, असे कोणी म्हणेल. कारण प्रत्येक मार्ग काही ना काही खर्च करतो, आणि पूर्ववत म्हणताच तो खर्च दिसेनासा होतो. दुरुस्तीला आलेला माणूस आधीच एकदा फसलेला असतो. त्याची घाई आणि लाज दोन्ही पहिल्यापेक्षा वाढलेल्या असतात. अशा माणसाला दुसऱ्यांदा तोच स्वस्त दिलासा देणे हा आमच्या दृष्टीने पहिल्या चुकीहून मोठा अपराध आहे.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार केला. मागणारे घर होते, रूढी पाठीशी होती, मजुरी मिळत होती. तरी ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी नाही म्हटले. दोन प्रसंगांतले अंतर आम्ही जाणतो. तेथे बळजबरी होती आणि येथे तरुण आपल्या पायांनी चालत जातो. परंतु हत्यार हाती असणाऱ्याला नकार देण्याचेही कर्तव्य असते, हा धडा त्या कमी शिकलेल्या कारागिरांनी घालून दिला. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला ‘अजून थांबा’ असे सांगणारा, किंवा आरशापुढून न हलणाऱ्या तरुणाला सुईऐवजी मानसोपचाराची गरज आहे हे ओळखणारा शल्यविशारद आजही आहे. त्याच्या पाट्या झळकत नाहीत, एवढेच.

कायद्याची बाजूही वाचकांनी ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण व सौंदर्यशस्त्रक्रियांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेला बसून किंवा यूट्यूबवर पाहून ही विद्या येत नाही, ती रीतसर प्रशिक्षित व नोंदणीकृत वैद्यानेच करावी, असे त्यांत बजावले आहे. हे बजावण्याची पाळी का आली? २०१६ साली चेन्नईत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा आणि २०१९ साली मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला होता. सूचना निघाल्यावरही २०२५ साली कानपुरातील दोन अभियंत्यांच्या मृत्यूचे प्रकरण उजेडात आले. दुरुस्तीची शस्त्रक्रिया ही देखील शस्त्रक्रियाच आहे, हे यावरून उमजावे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत दिली पाहिजेत. दुरुस्तीला जाण्यापूर्वी ती अवश्य मागावीत, कारण किती जुड्या कोठून काढल्या हे कळल्याशिवाय शिल्लक कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, आणि २००८ साली रुग्णाची संमती सर्व माहिती देऊन घेतलेली असावी, असे ठरविले. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार नोंदविता येते, मुदत दोन वर्षांची. निकाल मनासारखा न आल्याने हलगर्जी आपोआप सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून सहीच्या कागदावर काय छापले आहे ते सही करण्याआधी वाचावे. आमच्या पुतण्याच्या कागदावर ‘परिणामाची कोणतीही हमी नाही’ असे बारीक टाइपात होते. तोंडी हमी ‘शंभर टक्के’ होती.

या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. केशरोपणाने असंख्य लोकांना समाधान मिळाले आहे. भाजल्याने किंवा अपघाताने केस गेलेल्यांना ते वरदान ठरते. चाळिशीनंतर, टक्कल स्थिरावल्यावर, माफक अपेक्षेने केलेले रोपण कोणाच्या लक्षातही येत नाही. ते सारे मान्य आहे. आमचा विरोध विद्येला नाही आणि हौसेलाही नाही. ज्याचे डोके त्याचा अधिकार. म्हणूनच फसलेल्या तरुणाला ‘भोगा आता आपल्या कर्माची फळे’ असे सुनावणारी वडीलधारी मंडळी आम्हांस त्या केंद्रांइतकीच दोषी वाटतात.

आता आपल्याविषयी दोन शब्द. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पाठोपाठ आलेल्या आपल्या जुन्या घराण्यांच्या दिवाणखान्यांत पणजोबांच्या तसबिरी आहेत. त्यांतल्या पगड्यांचे आपल्याला केवढे कौतुक! पण पगडीखाली काय होते? कपाळापासून माथ्यापर्यंत वस्तऱ्याने गुळगुळीत केलेले डोके आणि मागे घेरा-शेंडी. जी कपाळे आज मुलांना लाजिरवाणी वाटतात, तशी कपाळे आपले पूर्वज नाभिकाला पैसे देऊन करवून घेत होते. पुढे नातवंडांनी शेंडी कापून इंग्रजी तऱ्हेचे केस राखले, तेव्हा घराघरांत भांडणे झाली. म्हणजे केसांची अब्रू शंभर वर्षांत एकदा पुरी उलटलेली आहे. ती पुन्हा उलटणार नाही कशावरून? असे असूनही आपल्या वधू-वर मेळाव्यांत मुलगा व्यासपीठावर आला की पहिली नजर कपाळावर जाते. मुलीच्या रंगाविषयी उघड बोलणे आपण निदान लाजेखातर कमी केले. मुलाच्या टकलाविषयी बोलताना तेवढीही लाज आपण बाळगीत नाही. उलट तो विनोदाचा हक्काचा विषय समजतो. पुण्याकडच्या स्थळांपुढे आपला मुलगा कोठेही उणा दिसू नये, ही दूरदेशी राहणाऱ्या समाजाची धास्ती आम्ही समजू शकतो. पण त्या धास्तीचे बिल चोविसाव्या वर्षीचा मुलगा आपल्या कातडीने भरतो.

पुतण्याने शेवटी काय केले, ते सांगून आटोपते घेतो. तिसऱ्या, वयस्क शल्यविशारदांनी त्याला पाऊण तास तपासले आणि पहिल्याच भेटीत सांगितले, ‘पूर्वीसारखे होणार नाही. लोक वळून पाहणार नाहीत, एवढे बहुधा जमेल.’ त्या वाक्यावर त्याचा विश्वास बसला. दोन बैठकांत पुढच्या कडेतील सुमारे सहाशे जुड्या उचलल्या, जगण्याजोग्या मागच्या बाजूस विखरून लावल्या, राहिलेल्या तुरळक केसांवर लेसरच्या काही फेऱ्या झाल्या. कड आता बोटभर वर गेली आहे. कपाळावर उन्हात पाहिले तर पांढरे ठिपके दिसतात. मानेवरचा विरळपणा आहे तसाच आहे. केस तो अर्ध्या इंचाहून वाढू देत नाही. या सगळ्यास अडीच वर्षे लागली, आणि पहिल्या रोपणाहून अधिक पैसा गेला. या काळात आम्ही एकदा सूनबाईंना चाचरत विचारले, की तुम्हांला याचे फार वाटत असेल. त्या म्हणाल्या, ‘काका, मला ह्यांच्या केसांचं काही नाही. रोज सकाळी आरशापुढे पाऊण तास जातो, ते खुपतं.’ तो पाऊण तास आता दहा मिनिटांवर आला आहे. दुरुस्ती म्हणतात ती ही. तिला पूर्ववत म्हणण्यास आम्ही तयार नाही, आणि पुतण्याही नाही.

आपल्या मंडळांच्या चालकांना आमची विनंती अशी, की वधू-वर मेळाव्यांच्या स्मरणिकेत केशरोपण केंद्रांच्या जाहिराती छापणे या वर्षापासून बंद करावे. पानाचे पैसे बुडतील, ते वर्गणीतून भरून काढू. आणि वडीलधाऱ्यांना विनंती अशी, की येत्या गणेशोत्सवात पंगतीला बसल्यावर शेजारच्या मुलाच्या कपाळावरून विनोद सुचला, तर तो गिळावा. आम्ही पुष्कळ वर्षे तो गिळला नाही, म्हणून सांगतो.